श्वासाची यंत्रे आणि ती चालविणारे हात

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही विडी कामगारांच्या १९६६ च्या कायद्यावर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या कायद्यावर आम्ही गेली पंचवीस वर्षे बोलत आलो आहोत आणि सिन्नरच्या श्रोत्यांपैकी निम्म्यांना तो आमच्याहून चांगला पाठ आहे. म्हणून यंदा आम्ही वेगळा विषय घेतला. ज्याला स्वतःला श्वास घेता येत नाही अशा माणसाला श्वास पुरविणारी यंत्रे कोणी, कशी आणि कोणत्या गरजेपोटी तयार केली, हा तो विषय. आम्ही डॉक्टर नाही आणि इंजिनिअरही नाही. शाळा सातवीला सुटली, पुढचे जे काही शिक्षण झाले ते गावच्या वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या ओसरीवर. तेव्हा चूकभूल जाणत्यांनी सुधारून घ्यावी. परंतु या इतिहासात कामगाराच्या नजरेला जे दिसते ते वैद्यकाच्या पुस्तकांत दोन ओळींत उरकलेले असते, म्हणून बोलण्याचे धाडस करतो.

प्रथम श्वास म्हणजे काय ते थोडक्यात सांगितले पाहिजे. आपण हवा आत ओढतो असे म्हणतो, पण फुफ्फुसाला स्वतःचे बळ नसते. बरगड्यांचे स्नायू आणि पोट व छाती यांच्यामधला पडदा छातीची पोकळी मोठी करतात; आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा आपोआप आत शिरते. मोठ्या माणसाच्या एका साध्या श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा येते आणि मिनिटाला बारा ते सोळा वेळा हे काम चालते. स्नायूंना आज्ञा देणाऱ्या नसा बंद पडल्या की फुफ्फुस धडधाकट असूनही माणूस गुदमरतो. अशा माणसाला वाचवायचे दोनच मार्ग आहेत. एक, बाहेरून छाती फुगवावी, म्हणजे हवा आत ओढली जाईल. दुसरा, हवाच दाबाने आत ढकलावी. यंत्रांचा सारा इतिहास या दोन मार्गांमध्ये हेलकावे खात आला आहे.

हवा ढकलण्याचा मार्ग जुना. १५४३ मध्ये व्हेसेलियसने आपल्या शरीररचनेच्या ग्रंथात लिहून ठेवले की, जनावराच्या श्वासनलिकेत बोरूची नळी घालून फुंकर मारली तर मरू घातलेले जनावर पुन्हा सावरते. पुढे दोनशे वर्षे याचा व्यवहारात उपयोग कोणी केला नाही. १७६७ मध्ये ॲम्स्टरडॅम शहरात कालव्यांत बुडालेल्या माणसांना वाचविण्यासाठी एक मंडळी स्थापन झाली, १७७४ मध्ये लंडनमध्ये तशीच दुसरी झाली, आणि थेम्स नदीच्या काठी बुडालेल्यांसाठी भाते ठेवले जाऊ लागले. भाता म्हणजे आपल्या लोहाराकडे असतो त्याच जातीचा. त्याचे तोंड नाकातोंडात बसवून हवा भरावयाची. सिन्नरकरांना मौज वाटावी अशी एक गोष्ट येथे सांगतो. त्याच मंडळ्या बुडालेल्या माणसाला शुद्धीवर आणण्यासाठी तंबाखूचा धूर वापरीत, आणि तो तोंडाने नव्हे, तर गुदद्वाराने, भात्यानेच आत सोडीत! मोठमोठ्या वैद्यांचा हा उपचार कित्येक वर्षे चालू होता. १८११ मध्ये ब्रोडी नावाच्या इंग्रज शल्यवैद्याने तंबाखूतील विष काळजावर काय करते ते प्राण्यांवर दाखविले, तेव्हा हा प्रकार मागे पडला. तंबाखूच्या खळ्यात तीस वर्षे बसलेल्या एखाद्या बाईला विचारले असते तर तिने ते फुकट सांगितले असते.

भात्याची गत मात्र वाईट झाली. १८२७ च्या सुमारास लेरॉय या फ्रेंच वैद्याने दाखवून दिले की, भाता जोराने दाबला तर फुफ्फुस फाटते आणि वाचवायला गेलेला माणूस मारून बसतो. भाता वर्ज्य ठरला. दोष भात्याचा नव्हता. किती दाबावे हे न शिकविता तो कोणाच्याही हाती देण्यात आला होता, असे आमचे मत आहे. परंतु वैद्यकाने ढकलण्याचा मार्ग जवळजवळ शंभर वर्षांसाठी सोडला व ओढण्याचा मार्ग धरला. पॅरिसच्या व्होइये याने १८७६ मध्ये एक पेटी तयार केली. रोग्याचे डोके बाहेर, बाकीचे शरीर पेटीत, आणि मोठ्या भात्याने पेटीतली हवा कमीजास्त करावयाची. पेटीतला दाब उतरला की छाती फुगे. कल्पना बरोबर होती, पण भाता हाताने चालवावा लागे आणि माणसाचा हात थकतो.

विजेची मोटर आल्यावर ही पेटी खरी झाली. १९२८ मध्ये अमेरिकेत बोस्टन येथे फिलिप ड्रिंकर आणि लुई शॉ यांनी जे यंत्र केले ते पुढे ‘लोखंडी फुफ्फुस’ या नावाने जगभर गेले. ते पोलिओसाठी केले असे सर्वत्र छापलेले असते, आणि त्याचा उपयोगही मुख्यतः पोलिओतच झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बोस्टनच्या बालरुग्णालयात बेशुद्ध झालेल्या आठ वर्षांच्या एका मुलीला त्यात ठेवले आणि मिनिटभरात ती शुद्धीवर आली. पुढे ती न्युमोनियाने वारली, पण यंत्र चालते हे सिद्ध झाले. मात्र या संशोधनाला पैसा कोठून आला हे पाहिले तर चित्र बदलते. न्यूयॉर्कच्या गॅस कंपनीला, दगडी कोळशाच्या गॅसने गुदमरणाऱ्या आणि विजेचा धक्का बसलेल्या माणसांना कसे वाचवावे, हा प्रश्न पडला होता. ड्रिंकर स्वतः हार्वर्डमध्ये औद्योगिक आरोग्य शिकवीत असे. कारखान्यातली हवा आणि धूळ हा त्याचा विषय. म्हणजे जगातले पहिले यशस्वी श्वसनयंत्र कारखान्याच्या आणि गॅसच्या अपघातांतून जन्माला आले. या धुळीकडे आम्ही शेवटी येणार आहोत.

ड्रिंकरचे यंत्र त्या काळी अमेरिकेतल्या एका घराच्या किमतीला पडे. १९३१ मध्ये जॉन हॅवन इमर्सन याने त्याहून हलके, आवाज कमी करणारे आणि जवळजवळ निम्म्या किमतीचे यंत्र बाजारात आणले. हा इमर्सन शाळाही पुरी न केलेला माणूस. एका वारलेल्या कारागिराचे लेथ व हत्यारे विकत घेऊन त्याने आपले छोटेसे वर्कशॉप थाटले होते. ड्रिंकर आणि हार्वर्ड विद्यापीठ यांनी पेटंट मोडल्याबद्दल त्याच्यावर दावा लावला. इमर्सनचे म्हणणे असे की, जीव वाचविणाऱ्या वस्तूवर कोणाची मालकी असू नये. पण केवळ तत्त्वावर खटले जिंकता येत नाहीत, हे आमच्यासारख्यांना न्यायालयाच्या पायऱ्या झिजवून कळलेले असते. त्याने जुनी कागदपत्रे उकरून काढली आणि ड्रिंकरच्या यंत्रातला प्रत्येक भाग आधी कोणी ना कोणी केलेला होता असे दाखवून दिले. पेटंट रद्द झाले. आमच्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातला सर्वांत गोड प्रसंग हाच.

ऑस्ट्रेलियात १९३७ मध्ये एडवर्ड बोथ याने लोखंडाऐवजी प्लायवूडची पेटी केली. ती सुताराला जमण्यासारखी होती. १९३८ मध्ये लॉर्ड नफील्ड याने तिचा चित्रपट पाहिला आणि आपल्या कौली येथील मोटारीच्या कारखान्यात त्या पेट्या तयार करून ब्रिटिश साम्राज्यातल्या मागेल त्या रुग्णालयाला फुकट देण्याचे ठरविले. सतराशेहून अधिक पेट्या अशा वाटल्या गेल्या. मालकवर्गाबद्दल आम्ही सहसा बरे बोलत नाही, पण हे दान मोठे होते हे कबूल केले पाहिजे. पेट्या जोडणाऱ्या कामगारांची नावे मात्र त्या पेट्यांवर नव्हती.

आता १९५२ च्या कोपनहेगनकडे वळू. याविषयी आम्ही थोडे सविस्तर बोलणार आहोत, कारण येथेच सारे उलटे झाले.

त्या उन्हाळ्यात डेन्मार्कच्या या राजधानीत पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात काही महिन्यांत अडीच हजारांहून अधिक रोगी आले आणि त्यांपैकी तीनशेहून अधिक जणांना श्वास किंवा गिळणे अशक्य झाले. रुग्णालयात मोठे श्वसनयंत्र एक आणि छातीवर बांधावयाची कवचे सहा. पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रावर ठेवलेल्या ३१ रोग्यांपैकी २७ दगावले. रोग्यांच्या रक्तात एक द्रव्य वाढलेले दिसे आणि त्याचा अर्थ कोणालाच नीट लागत नव्हता. मुख्य वैद्य लासेन यांनी शेवटी ब्यॉर्न इब्सेन या भूल देणाऱ्या तरुण डॉक्टरला बोलावले. वैद्यकात भूल देणाऱ्याची तेव्हाची जागा कारखान्यातल्या फिटरसारखी होती. काम अडले की बोलवायचे, सभेत बसवायचे नाही. इब्सेनने मृतांचे अहवाल पाहिले आणि सांगितले की हे रोगी रक्तात कर्बवायू साठून मरत आहेत. हवा पुरेशी आतबाहेर होत नाही. यंत्रे असूनही श्वास मिळत नाही.

२७ ऑगस्टला एका बारा वर्षांच्या मुलीवर प्रयोग झाला. हातपाय लुळे, अंग निळे पडलेले, स्वतःच्याच थुंकीत बुडणारी अशी तिची अवस्था होती. घशाखाली छेद देऊन श्वासनलिकेत नळी घातली, पण मुलगी धडपडू लागली आणि हवा आत जाईना. जमलेले वैद्य हताश होऊन एकेक करून निघून गेले, असे सांगतात. तेव्हा इब्सेनने तिला झोपेचे औषध टोचले. धडपड थांबली, अंग सैल पडले आणि हातातली रबरी पिशवी दाबून त्याला तिची छाती सहज फुगविता आली. निळी मुलगी गुलाबी झाली.

उपाय सापडला, पण यंत्र नव्हते. मग दीड हजारांच्या आसपास वैद्यकीय व दंतवैद्यकीय विद्यार्थी बोलावण्यात आले. सहा ते आठ तासांच्या पाळ्या लागल्या. प्रत्येक रोग्याच्या उशाशी एक विद्यार्थी बसून रबरी पिशवी दाबी आणि सोडी. एका वेळी सत्तर रोगी अशा हातांवर जगत होते. एकंदर एक लाख पासष्ट हजार तासांचे हे काम झाले. मधूनमधून सिगारेट ओढण्यापुरती सुटी मिळे, हेही नमूद आहे. श्वास पुरविणाऱ्यांना त्यात काही विसंगत वाटले नाही, कारण काळच तसा होता. रात्री दिवा मालवलेला असे. रोगी मुलांशी गोष्टी करीत, त्यांना वाचून दाखवीत पिशवी दाबावी लागे, आणि मूल गेले तर ते आपल्याच हाताखाली गेले हे त्या विशीतल्या पोरांना कळे. मृत्यूचे प्रमाण शेकडा सत्याऐंशीवरून प्रथम चाळीसपर्यंत व पुढे पंचवीसपर्यंत खाली आले. श्वासाचे रोगी एका ठिकाणी ठेवून रात्रंदिवस त्यांच्यावर लक्ष ठेवण्याची ही व्यवस्था म्हणजेच आजच्या अतिदक्षता विभागाचे मूळ. ढकलण्याचा मार्ग, लेरॉयने बंद केलेला, पुन्हा उघडला. पुढे स्वीडनमध्ये एंगस्ट्रॉमने विद्यार्थ्याच्या हाताचे काम करणारे यंत्र केले आणि पेटीचे दिवस भरले. अनेकांना वाटते की यंत्र आधी आणि ते चालविणारा मजूर नंतर. येथे मजूर आधी आला, आणि यंत्राने त्याची नक्कल केली.

याच देशात आणखी एक लहानशी गोष्ट घडली. मालमोटारींच्या चालकांनी संप केला आणि रुग्णालयांना ऑक्सिजनची नळकांडी मिळेनाशी झाली. जुनी रबरी पिशवी नळकांड्यातल्या वायूने फुगत असे. वायू नाही तर पिशवी नाही. हेनिंग रूबेन हा भूलतज्ज्ञ आणि होल्गर हेसे हा इंजिनिअर यांनी मग दाबल्यावर आपली आपण पुन्हा फुगणारी पिशवी तयार केली. पहिल्या नमुन्यात पिशवी ताणून धरण्यासाठी सायकलच्या तारा जोडून घातल्या होत्या. १९५६ मध्ये ती बाजारात आली आणि तिचे नाव अंबू बॅग. आज आपल्या कोणत्याही रुग्णवाहिकेत ती लटकलेली दिसेल. संपाने देशाचे नुकसान होते असे आम्हांला नेहमी ऐकविले जाते, म्हणून एका संपाच्या नावावर एवढी एक जमा असू द्यावी.

त्या पिशवीशी आमचा परिचय पुस्तकातून झालेला नाही. २००४ च्या श्रावणात आमच्या संघटनेतल्या एका विडी कामगार भगिनीच्या मुलाला रात्री झोपेत मण्यार चावली. डोळ्यांच्या पापण्या मिटत चालल्या, बोलणे बोबडे झाले, मग छाती हालेना. ज्या दवाखान्यात नेले तेथे लस होती, पण यंत्र बंद पडलेले होते. डॉक्टरांनी घशातून नळी घातली, पिशवी जोडली आणि मुलाच्या मामाच्या हातात दिली. “मी म्हणेन तसं दाबा. घाई करू नका,” एवढेच ते बोलले. मण्यारीचे विष उतरायला वेळ लागतो. तोवर श्वास कोणीतरी घ्यायचा. आम्ही खिशातल्या मजुरीपत्रकाच्या पाठीवर पाळ्या लिहिल्या: पंधरा मिनिटांची एक, माणसे सात. पहाटे पहाटे हाताला वांब येई आणि मोजणी चुके, तेव्हा मुलाची आई मोठ्याने आकडे मोजी. हजार विड्या मोजून जुडी बांधणारी बाई ती, तिचा आकडा एकदाही चुकला नाही. दुपारी नाशिकला यंत्राची सोय झाली. मुलगा आज ट्रॅक्टर चालवितो.

हिंदुस्थानात ही विद्या रुजविणाऱ्यांत मुंबईचे डॉ. फरोख उदवाडिया यांचे नाव अग्रभागी आहे. जे. जे. रुग्णालयात येणारे धनुर्वाताचे रोगी बहुतेक गरीब असत. गंजलेला खिळा, शेतातले काटे, अडाणी हाताने कापलेली नाळ. धनुर्वातात स्नायू इतके आखडतात की श्वास कोंडतो. स्नायू सैल पाडणारे औषध द्यावयाचे, म्हणजे रोग्याचा उरलासुरला श्वासही आपण होऊन बंद करावयाचा, आणि आठवडेच्या आठवडे यंत्राने श्वास द्यावयाचा, हा तो उपचार. कोपनहेगनचा धडा मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयात असा उतरला.

२०२० चा मार्च सर्वांच्या स्मरणात आहे. व्हेंटिलेटर हा शब्द तेव्हा आमच्या विडी कारखान्यांच्या दारात बायकांच्या तोंडी आला. देशात यंत्रे तुटपुंजी, परदेशातून येण्याचा मार्ग बंद. पुण्यात नोका रोबोटिक्स नावाच्या छोट्या कंपनीतली तरुण मंडळी सूर्यशक्तीच्या तावदानांवरची धूळ पुसणारी यंत्रे करीत असत. कानपूरच्या आयआयटीच्या साहाय्याने ती व्हेंटिलेटरकडे वळली आणि टाळेबंदीत सुट्या भागांची मारामार असताना काही महिन्यांत तिने यंत्र उभे केले. आपल्या जिल्ह्यातली गोष्ट त्याहून जवळची. घोटीच्या रस्त्याने गेले की इगतपुरी. तेथील महिंद्रांच्या कारखान्यात मोटारींची इंजिने होतात. तेथल्या आणि कांदिवलीच्या कामगार-इंजिनिअरांनी कारखान्यातच मुक्काम ठोकून अठ्ठेचाळीस तासांत एक नमुना तयार केला. अंबू बॅग मोटरने दाबणारे हे यंत्र. किंमत साडेसात हजार रुपयांच्या आत पडेल असा त्यांचा अंदाज होता; मोठे यंत्र पाच ते दहा लाखांचे. ते अतिदक्षता विभागातल्या यंत्राची जागा घेईल असे करणाऱ्यांनीही म्हटले नाही, तात्पुरता आधार एवढेच म्हटले. इब्सेनच्या विद्यार्थ्याचा हात, रूबेनची सायकलच्या तारांची पिशवी आणि इगतपुरीची मोटर, अशी ही सरळ वंशावळ आहे.

परंतु यंत्र आले म्हणजे श्वास आला असे नव्हे. २०२१ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे असे आले की, तेथील शासकीय रुग्णालयाला मिळालेल्या १५० व्हेंटिलेटरांपैकी वापरात आणलेली ११३ सदोष निघाली आणि ३७ खोक्यांतच होती. केंद्र सरकारच्या बाजूने सांगण्यात आले की, वापरणाऱ्यांना पुरते शिक्षण नव्हते. दोष कोणाचा हे आम्ही ठरवीत नाही. तथापि यंत्र देताना ते चालविणाऱ्याच्या शिक्षणाचा हिशोब त्याच कागदावर का नव्हता, हा प्रश्न उरतो; थेम्सच्या काठच्या भात्यापासून तो तसाच आहे. त्याच्या आधीच्या महिन्यात, २१ एप्रिलला, नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूची टाकी गळाली, पुरवठा अर्ध्या तासाच्या आसपास तुटला आणि २२ रोगी गेले. तेथे यंत्रे होती, ती चालविणारे होते. टाकीपासून खाटेपर्यंतची नळी रिकामी झाली. त्या दिवशी सिन्नरची जी माणसे नाशिकच्या निरनिराळ्या रुग्णालयांत होती त्यांच्या घरी संध्याकाळपर्यंत चूल पेटली नाही.

आता ती धूळ. लोखंडी फुफ्फुसाच्या ड्रिंकरने थिओडोर हॅच याच्याबरोबर १९३६ मध्ये औद्योगिक धुळीवर एक ग्रंथ लिहिला. त्याचे हे काम वर्तमानपत्रांत गाजले नाही, कारण त्यात कोणी मरता मरता जागे होत नाही. दगडाच्या, वाळूच्या बारीक धुळीने फुफ्फुसाला जे घट्टे पडतात ते कोणत्याही व्हेंटिलेटरने मऊ होत नाहीत. तो फार तर शेवटचे काही दिवस सुसह्य करतो. धूळ उडते तेथेच ती ओढून नेणारा पंखा आणि त्यावर पत्र्याचे छत, किंवा कापताना पाण्याची धार, हे उपाय त्या काळापासून ठाऊक आहेत आणि त्यांना परदेशी सुटे भाग लागत नाहीत. तंबाखूच्या खळ्यातही तेच. आपल्या गावात विड्या वळणाऱ्या बायका आता पूर्वीइतक्या राहिल्या नाहीत, पण ज्या आहेत त्यांपैकी पुष्कळ जणी घरात वळतात, आणि त्यांची धूळ त्यांच्या लेकरांच्या वाट्याला येते. तेथे पंख्याचा खर्च कोणाच्या खात्यावर टाकावयाचा हे १९६६ च्या कायद्यातून काढणे, तो लागू होता तोवर, अवघड जात असे.

मुसळगाव आणि माळेगावच्या वसाहतींत ज्या छोट्या कारखान्यांत घासकाम चालते, त्यांपैकी तीन ठिकाणी आमच्या संघटनेने धूळ ओढणाऱ्या पंख्याची मागणी लेखी दिली. दोघांनी पंखे बसविले. एकाने तर आपल्याच फिटरकडून पत्रा वाकवून छत करून घेतले आणि ते विकतच्यापेक्षा चांगले ओढते. तिसऱ्या ठिकाणचे प्रकरण अजून कारखाना निरीक्षकांपुढे आहे.